ताप आलाच नव्हता

आई, परवा मी भर दवाखान्यात खोटं बोलले. चौसष्ट वर्षांची बाई, मांडीवर पर्स घेऊन, मुलगा आणि सून शेजारी असताना, कुठंही न अडखळता खोटं बोलले. आपल्याकडं बाळ आलंय, माझ्या मुलाची मुलगी, तीन महिन्यांची. गोरी, आणि डोळे असे निळे की बघायला येणारी प्रत्येक बाई 'अगं बाई, परीच की गं' म्हणून तिचा गाल ओढून जाते. त्या परीला ऐकू येत नाही. दोनदा तपासणी झाली, दोन्हीदा तेच निघालं. मग डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला आणि दोन्ही घराण्यांची चौकशी मांडली. जन्मापासून बहिरं कुणी आहे? असे डोळे कुणाचे आहेत? कपाळावर पांढरी बट आहे कुणाला? मुलगा माझ्याकडं वळला, 'आई, मावशी आहे ना?' मी म्हटलं, 'आहे, पण तिचे कान लहानपणी तापात गेले. आणि बटबिट आमच्यात कुणालाच नाही.' आदल्याच दिवशी मी डोक्याला कलप लावला होता.

शुक्रवारी परत बोलावलंय. हे कुठून आलंय ते कळलं तर पुढचं नीट ठरवता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाळाचं आणखी काय तपासायचं, पुढंमागं भावंड आलं तर कशावर नजर ठेवायची, हे सगळं त्यावर आहे. तेव्हापासून सुनेनं तिच्या माहेरचं घराणं उलटंपालटं करायला घेतलंय, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून कोथिंबीर निवडतेय. म्हणून आज तुला लिहायला बसले. तुला जाऊन एकोणतीस वर्षं झाली, आणि तू असतीस तर माझं काय केलं असतंस ते मला पक्कं माहीत आहे.

तुझी बट मला पहिल्यांदा कधी दिसली ते आठवत नाही, कारण ती मी नेहमीच बघत आले. ते एक गुपित फक्त तुझं आणि माझं होतं, आणि आबांना ठाऊक होतं तेवढंच. न्हाऊन आलीस की तू माजघराचं दार लोटून घ्यायचीस. दिव्यावर वाटी पालथी धरून जमवलेली काजळी खोबरेलात कालवलेली असायची. ती बोटानं कपाळापासून मागं ओढायचीस, आणि मग मला पुढ्यात घेऊन माझ्या बटेलाही तेच. माझी बट सगळ्या गावाला माहीत होती, जन्मल्याबरोबर सुईणीनंच बोभाटा केलेला. तुझी मात्र कुणाला माहीत नव्हती. लग्नाच्या आधी तुझ्या आईनं तुला शिकवून पाठवलं होतं, आणि डोक्यावरचा पदर काही सासऱ्यासमोर पडायचा नव्हता. त्यामुळं माझी बट बघून आज्जा म्हणाला, 'गिराण लागलंय. पोटुशी असताना गिराणात इळीवर बसली असंल ही.' तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. ग्रहणात तू विळीला हातही लावला नव्हतास, दिवसभर भिंतीला टेकून बसून होतीस, हे तूच मला पुढं सांगितलंस. पण खरं सांगण्यापेक्षा तो दोष घेणं तुला तेव्हा सोपं वाटलं. बघ, मी काही अगदीच वेगळी नाही.

मग धाकटी झाली. निळ्या डोळ्यांची, आणि भुवयांच्या मधोमध पांढऱ्या केसांची लव. चार वर्षांची झाली तरी एक शब्द नाही. सगळे म्हणायचे जीभ जड आहे. तिच्या कानांचा विचार कुणाच्या मनात आला नाही, कारण ती अशी चलाख होती की विचारू नको. तू दारात आलीस की तुझी सावली बघून वळायची, आज्जानं काठी आपटली की जमिनीचा हादरा लागून बघायची, आणि आम्ही म्हणायचो ऐकते तर सगळं, बोलायचाच आळस! त्या जिभेवर आम्ही काय काय केलं, आई! वेखंड उगाळून मधातून चाटवलं. पोपटानं चोच मारलेला पेरू खाल्ला की मूल बोलतं, म्हणून मी पवनेच्या काठच्या झाडांखाली अख्खा हिवाळा हिंडले. अर्धामुर्धा पेरू सापडला की मी पळत यायची आणि तू तो धुऊन तिच्या तोंडात द्यायचीस. ती आवडीनं खायची. पेरूच तो, कुणाला आवडणार नाही!

त्या वर्षी पिंपरीला औषधाचा कारखाना उठत होता. त्याच्या रस्त्याला खडी लागायची म्हणून आपल्या शिवाराजवळ खाण सुरू झाली आणि तू खडी फोडायला जायला लागलीस. आम्ही दोघी तुझ्याबरोबर. दुपारी सुरुंग लावायच्या आधी एक माणूस लाल फडकं हलवायचा आणि शिट्टी फुंकायचा, की सगळ्यांनी कडेच्या ओढ्यात उतरायचं. त्या दिवशी शिट्टी झाली. तू मला ओढलंस, धाकटी माझ्या मागं आहे असं धरून चाललीस. ती नव्हती. ती वर दगडांच्या ढिगापाशी उकिडवी बसून मातीच्या भाकऱ्या थापत होती. तू ओरडलीस, सगळ्या बाया ओरडल्या. आणि सुरुंग उडाला. दिघीच्या बाजूला लष्कराचा गोळीबार चालायचा त्याच्यापेक्षा मोठा आवाज. मुकादमाचा कुत्रा केकाटत गाडीखाली घुसला, झाडावरचे सगळे पक्षी उठले, मी दोन्ही कान दाबून रडायला लागले. धुरळा खाली बसला तेव्हा धाकटी तिथंच होती, केसांत माती, आणि हातातली भाकरी दुसऱ्या तळव्यावर उलटी करत होती. मान वर केली नव्हती तिनं. तू वर धावलीस, तिला छातीशी धरलंस, आणि मग तिला जरा लांब धरून नुसती बघत राहिलीस. 'हिला ऐकूच येत न्हाई,' तू म्हणालीस. कुणाला उद्देशून नाही. 'चार वरसं मी हिच्या जिभंला मध लावतीया, आन हिला ऐकूच येत न्हाई.'

त्या दिवसापासून तू बदललीस. आधी तू घरात हळू बोलायचीस, आता एकच विषय: पुणं. आबा टाळाटाळ करायचे, तू पुन्हा काढायचीस. भाकरी वाढताना पुणं, गोठा झाडताना पुणं. शेवटी चिंचवडहून गाडीनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलंत. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी धाकटीचे डोळे बघितले, माझी बट बघितली, आणि सांगितलं की ही बट, हे डोळे आणि हे कान कधीकधी एकाच रक्तातून येतात, असं आता बाहेरच्या देशांत कळायला लागलंय. औषध नाही. पण बहिऱ्या मुलांची शाळा आहे, लवकरात लवकर घाला. आबांनी घरी येऊन हे जसंच्या तसं आज्जाला सांगितलं. आज्जा बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, 'शाळंत घाला, न्हाई म्हनत न्हाई. पन रगताचं काढू नका. ताप आला व्हता म्हना. ताप कुनालाबी येतो. रगताचं नाव निघालं तर थोरलीला कोन पदरात घील? बट तर कपाळावरच हाय तिच्या.' थोरली म्हणजे मी. अकरा वर्षांची. दाराआडून ऐकत होते, आणि मला आज्जाचं म्हणणं एकदम पटलं.

आबांनी शाळेत तसंच सांगितलं. शाळेतल्या बाईंनी विचारलं, तापाआधी बोलत होती का? आबांना वाटलं, हो म्हटलं तर पोरीची बाजू भक्कम होईल. म्हणाले, 'व्हय, बोलायची की. चांगली चुरूचुरू बोलायची.' माणूस लेकीचं कौतुक करायला गेला, आणि तिथंच घात झाला. शाळेत दोन तऱ्हेची मुलं होती. काहींनी आधी ऐकलेलं होतं, बोललेलं होतं, आणि मग आजारानं कान गेलेले. त्यांना गेलेली भाषा परत आठवून द्यायची. दुसरी जन्माची बहिरी, त्यांना शब्द म्हणून काही असतं इथपासून शिकवायचं. धाकटीला त्या पहिल्या मुलांत बसवलं. बाई तोंडानं 'पाणी' म्हणायच्या, बाकीची मुलं ओळखायची, आणि ही बापडी बाईंच्या दातांकडं बघत राहायची. तीन महिन्यांनी पत्र आलं की मुलीची बुद्धी मंद दिसते, प्रगती नाही, दिवाळीला घरी न्यावं आणि परत आणू नये. आबांनी ते पत्र वाचून दाखवलं आणि घडी करून कोनाड्यात ठेवलं. आज्जा म्हणाला, 'नशीब तिचं.' तू दुसऱ्या दिवशी सकाळी उठून न्हायलीस, काजळी लावलीस, मला म्हणालीस, 'लुगडं नेस चांगलं, चल माझ्यासंगं.' मी म्हटलं, आई, मी परकर घालते. 'मग परकर घाल. पन चल.'

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. शाळेची खोली, टेबलामागं पांढरं पातळ नेसलेल्या बाई, दाराशी शिपाई, खिडकीजवळ काहीतरी लिहीत बसलेला कारकून. आबा तुला शोधत मागच्या गाडीनं आलेत आणि दारातच टोपी हातात घेऊन उभे आहेत. बाई सांगतायत की मुलीत गती नाही, आम्हाला वाईट वाटतं. तू म्हणतेस, 'जरा पानी द्या.' शिपाई पेला आणतो. तू पीत नाहीस. तू डोक्यावरचा पदर खाली ओढतेस, परक्या पुरुषांसमोर, नवऱ्यासमोर, पदराचं टोक पाण्यात बुडवतेस आणि कपाळ खसाखसा पुसायला लागतेस. काळं पाणी तुझ्या नाकावरून ओघळतंय, चोळीवर ठिपके पडतायत, आणि तुझी बट उघडी पडते, चार बोटं रुंद, पांढरीफटक. मला जमिनीनं गिळावं असं झालंय. तू म्हणतेस, 'बाई, ही बगा. हिच्याबी हाय,' आणि माझी मान धरून पुढं करतेस. 'पोरीला ताप आलाच न्हवता. माझ्या रगतातनं आलंय ते तिला. तिनं जल्मात एक शबुद ऐकल्याला न्हाई. मंद न्हाई माझी पोर. आमी खोटं बोललो म्हनून ती मंद ठरली. तिला पयल्यापासनं शिकवा, आन मग काय म्हनायचं ते म्हना.'

बाई उठल्या. त्यांनी आपल्या हातानं तुझा पदर तुझ्या डोक्यावर घातला. मग रजिस्टर ओढून आधीचं खोडलं आणि नवं लिहिलं, आणि म्हणाल्या, 'हे आधी कळलं असतं तर पोरीचे तीन महिने वाचले असते.' रागानंच म्हणाल्या. तू म्हणालीस, 'व्हय. ते तीन म्हैनं माझ्या माथी.' दिवाळीनंतर धाकटी जन्मबहिऱ्यांच्या वर्गात बसली, आणि पुढच्या उन्हाळ्यात घरी आली तेव्हा तिनं चुलीपुढं तुझ्या तोंडावर हात ठेवून, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून, घोगऱ्या आवाजात 'आई' म्हटलं. चांगलं ऐकू येईल असं म्हटलं. तू भाकरी करपवलीस. आज्जा बाहेर ओट्यावर होता, त्यानंही ऐकलं. तोवर सहा महिने त्यानं तुझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. बट झाकून घरात आली, फसवलं, म्हणायचा. तू रोज संध्याकाळी तांब्या त्याच्यापाशी नेऊन ठेवायचीस आणि रोज भरलेला उचलायचीस. त्या दिवशी त्यानं तो उचलला आणि घटाघट प्यायला.

आणि मी? तुला ठाऊक आहे. मी शाळेत पोरींना सांगत सुटले होते की बहिणीचे कान तापात गेले. एकदा ओढ्यावर धुणं धुताना तुझ्या कानावर आलं. तू पिळलेलं लुगडं खाली टाकलंस आणि सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत ठेवून दिलीस. 'ताप कुठला? तिला ताप आलाच न्हवता. तुझ्या आयची लाज वाटती व्हय तुला?' हो, वाटायची. आज लिहिते, वाटायची. तुझ्या खरेपणापायी माझी दोन स्थळं मोडली. बघायला आलेल्यांना तू पोहे द्यायच्या आधी सांगायचीस. तिसऱ्या वेळी हे आले. तू सांगून संपवलंस तर हे स्वतःच्या डोक्यावर हात फिरवून म्हणाले, 'मामी, केसांचं मला काय सांगता, माझे तर वरचे गेलेच,' आणि तू पहिल्यांदा पाहुण्यांसमोर खळखळून हसलीस. त्यांनी जन्मात मला त्यावरून टोचलं नाही. पण चिंचवडला कॉलनीत राहायला आलो, शेजार नवा, कुणाला काही माहीत नाही, आणि बाजारात कलपाची पुडी मिळायला लागलेली. मी परत ताप आणला, आई. आधी शेजारणींना सांगितला, मग मुलांना. मुलाचे केस पंचविशीतच पिकले तेव्हा आम्ही म्हणालो, इथलं पाणीच असलं, वर चाकणच्या कंपनीतली रात्रपाळी. हे नुसते माझ्याकडं बघायचे. आता तेही नाहीत.

धाकटी झकास आहे. शाळेत शिवण शिकली, तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं, तळेगावात दोघांनी घर बांधलं. तिच्या दोन्ही मुलांना ऐकू येतं आणि दोघंही हातांनी असं फर्डं बोलतात की मला निम्मं कळत नाही. या बाळाच्या बारशाला मी तिला बोलावलं नाही. प्रवास झेपायचा नाही, असं मुलाला सांगितलं. तळेगाव ते चिंचवड, कसला आलाय प्रवास! काल दुपारी मी तिला मोबाइलवर मेसेज केला: ये, बाळ बघायला. तिचं उत्तर लगेच आलं. 'मला बघायला बोलावतेस की मला दाखवायला?' तिला सगळं कळतं, पहिल्यापासून कळत होतं. मी लिहिलं, 'दोन्हीला. शुक्रवारी दवाखान्यात माझ्याबरोबर बस.' त्यावर तिनं फक्त गाडीची वेळ पाठवली.

इथवर लिहून मी उठले होते. सून आत बाळाला पाजत होती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगितलं, सगळं, अगदी तुझ्या बटेपासून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, 'आई, मी दोन दिवस माझ्या माहेरच्या एकेकाला फोन करतेय. काल माझ्या आजीला विचारलं, तुझ्याकडं असं कोण होतं सांग. ती रडायला लागली, की माझ्यामुळं झालं का गं. ऐंशी वर्षांची आहे ती.' मी फोन उचलून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, 'लाव आजीला. मी सांगते त्यांना.' तिनं लावला. मी सांगितलं. पलीकडून म्हातारी म्हणाली, 'बरं झालं बाई सांगितलंत.' आणि फोन ठेवला.

सुनेनं मला माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. शुक्रवारचं सगळं तिनंच ठरवलंय, कुणी कुठं बसायचं तेसुद्धा. हा कागद मी कपाटात ठेवणार आहे, आणखी कुठं पाठवणार! पण एवढं कबूल करते, आई. आधी तिला सांगायचं आणि मग तुला लिहायचं, हे मला बसतानाच कळत होतं. मी उलटं केलं, कारण तू मला काही विचारणार नव्हतीस.